कॉइल, कापूस आणि वहिनींचा रकाना

तर मंडळी, या शनिवारी कोडबद्दल एक अक्षर नाही. आठवडाभर तेच चालू असतं, विकांताला तरी सुटका हवी. आज लिहायचंय ते हातानं वळलेल्या कॉइलींबद्दल. पंख्याच्या किंवा पंपाच्या नव्हेत, तर ज्याला लोक 'वेप' म्हणतात त्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या कॉइलींबद्दल. आधीच सांगून टाकतो : ही वस्तू भारतात २०१९ पासून बंद आहे, मी ती कधी ओढलेली नाही, आणि हे वाचून कुणी ओढायला लागावं अशी तर अजिबात इच्छा नाही. मग लिहितोस कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं कारण असं की २०१८ च्या पावसाळ्यात ऐरोलीतल्या एका टू बीएचकेमध्ये आम्ही पाच कॉइलींची जी तुलना केली, तितकी मन लावून केलेली तुलना मी पगार घेऊनही कधी केलेली नाही.

पात्रपरिचय आधी. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्यासारखाच आयटी हमाल, नोकरी महापेला. मावशीचे यजमान, म्हणजे काका, यांचं रबाळ्याला एमआयडीसीच्या कडेला मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतल्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या. जुनी तार उपसायची, वेढे मोजायचे, त्याच गेजची नवी तार भरायची, वार्निश मारायचं, भट्टीत सुकवायचं. काकांची बोटं म्हणजे काउंटर होती. टीव्हीवर बातम्या बघता बघता वेढे मोजायचे आणि चुकायचे नाहीत. पण चाळीस वर्षांच्या विड्यांनी छाती पार गेली होती. डॉक्टरांनी सीओपीडी लिहून दिलं होतं, आणि रोज रात्री नेब्युलायझर लावायला लागायचा.

आणि दादा? दिवसाला दहा-बारा सिगारेटी. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. बिल्ड लागला की टपरी, बिल्ड फुटला की टपरी, मॅनेजर बोलला तर टपरी, नाही बोलला तरी टपरी. एक कटिंग, एक सिगारेट. घरी बाप एका खोलीत मास्क लावून बसलाय आणि मुलगा गॅलरीत धूर काढतोय, हे वहिनींना दिसत होतं. दादालाही दिसत होतं, पण दिसणं आणि सुटणं यात फार अंतर असतं.

त्याच सुमाराला ऑफिसातल्या एका मित्रानं ऑनसाइटहून येताना त्याला एक वेप आणून दिलं. रेडिमेड कॉइल संपल्यावर काय करायचं? तर आपली आपण वळायची. वर्षानुवर्षं रिवाइंडिंगच्या दुकानात वाढलेल्या मुलाला ही मेजवानीच. लोहार चाळीतून तारा आल्या, एक छोटा स्क्रूड्रायव्हर माप म्हणून ठरला, आणि दादा रविवारी डायनिंग टेबलवर मांडी ठोकून कॉइली वळायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली समई डोळ्यांपुढे आणा. तेल, त्यात बुडलेली वात, आणि टोकाशी ज्योत. वेपमध्ये ज्योत नाही, तिच्या जागी तारेचं वेटोळं. वेटोळ्याच्या पोटातून कापसाची वात ओवलेली. वात द्रव शोषते (प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटीन), बॅटरीनं तार तापते, द्रवाची वाफ होते. वात घट्ट बसली तर द्रव चढत नाही, सैल बसली तर कडेनं गळतो. कोरडी पडली की कापूस करपतो आणि ओढणाऱ्याचा घसा धरतो. दादानं पहिल्यांदा वात ओवली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कापूस माझ्या देवघरातला नाही ना घेतलात?" तिथलाच होता.

आता तारेकडे येऊ. ही तार काही वेपसाठी जन्मलेली नाही. निकेल-क्रोमियमची नायक्रोम १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्शच्या नावे पेटंट झाली, आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी हे सगळं शक्य झालं. लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची कंथाल त्यानंतरची, स्वीडनची. शोध लावणाऱ्या फॉन कांट्झोच्या आडनावाचा पुढचा भाग आणि हालस्टाहामर या गावाच्या नावाचा पुढचा भाग जोडून ते नाव झालं. मी आधी समजायचो की हा आपल्याकडचाच एखादा कांतीलाल असणार :-)

होस्टेलवर राहिलेल्यांनी शेगडीची कॉइल पाहिली असेलच. तुटली की दोन टोकं ओढून पिळायची आणि पुन्हा चालू करायची. दोन दिवस आधीपेक्षा लालभडक तापते आणि मग तिथंच पुन्हा तुटते. गणित सोपं आहे. दोन हजार वॉटच्या शेगडीला २३० व्होल्टवर साडेसव्वीस ओहम लागतात, म्हणजे २४ नंबरची नायक्रोम सुमारे ६ मीटर. त्यातली दहा टक्के तार कमी झाली की रोध कमी, करंट जास्त, आणि वॉट अकरा टक्क्यांनी वर. त्यात पिळलेला सांधा सगळ्यात गरम. काका म्हणायचे, "तार सगळीकडं सारखी तापली तर म्हातारी होऊन मरते. एकाच जागी तापली तर तरणी मरते." वेपमध्ये हेच सगळं, फक्त २३० व्होल्टच्या जागी ४ आणि ६ मीटरच्या जागी ७ सेंटिमीटर.

तर तुलनेचे उमेदवार पाच. सगळ्या ३ मिलिमीटर व्यासाच्या, सहा वेढ्यांच्या. पहिली साधी कंथाल, ०.३२ मिलिमीटर जाडीची. दुसरी तेवढ्याच जाडीची नायक्रोम. तिसरी स्टेनलेस स्टील, ३१६एल. चौथी कंथालचेच दोन पदर पिळून केलेली. आणि पाचवी खास, क्लॅप्टन. जाड तारेवर केसासारखी बारीक तार घट्ट गुंडाळायची, गिटारच्या जाड तारेला असते तशी, आणि मग त्या जोडतारेची कॉइल वळायची. नाव अर्थातच एरिक क्लॅप्टनवरून. ही दादानं काकांच्या दुकानातल्या हँडलच्या वाइंडिंग मशीनवर केली होती, आणि दिसायला खरंच दागिना होती.

मोजायला बसलो तर पहिलीच अडचण. साध्या मल्टिमीटरवर एक ओहमच्या आतलं माप धड येत नाही. मीटरच्या दोन वायरींचाच रोध पाव ओहमच्या घरात असतो, म्हणजे मापात वायरही मोजली जाते. दादा आणि मी डोकं खाजवत होतो तेवढ्यात काका आतून आले. छातीत शिट्टी वाजत होती. मीटरकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, तिच्यातनं एक अँपिअर सोडा. आणि टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. हजार मिलिव्होल्ट आले की एक ओहम. मोठ्या मोटरचं वाइंडिंग आम्ही असंच बघतो." दोन इंजिनीयर गप्प. चार वायरींची ही पद्धत आम्ही दोघांनी कॉलेजात शिकलेली होती, मार्क पण मिळाले होते.

मग काकांनी क्लॅप्टन हातात घेतली. चष्मा कपाळावर, कॉइल डोळ्यांजवळ. "वळलीय झकास. वेढ्याला वेढा चिकटलाय." जरा थांबून, "कशाची आहे?"

दादा म्हणाला, "ऑफिसचं एक काम आहे."

घरभर व्हॅनिलाचा वास होता. काका काही बोलले नाहीत. कॉइल टेबलावर ठेवली, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "माझ्या मशीनमध्ये तार नाही. नुसती हवा जोरात मारते आणि औषधाचा फवारा होतो. छातीत जाणारं गरम करायची गरजच नसते." आणि आत जाऊन नेब्युलायझर लावला. गुरगुर सुरू झाली. आम्ही पुढचा अर्धा तास फक्त आकडे बोललो.

आकडे असे आले. साधी कंथाल १.३ ओहम, नायक्रोम एकाला किंचित कमी, स्टील पाऊण ओहमच्या खाली, पिळलेली कंथाल पहिलीच्या निम्मी. क्लॅप्टन पॉइंट नऊ. ४ व्होल्टवर साधी कंथाल जेमतेम १२ वॉट खाते, नायक्रोम १६, क्लॅप्टन १७. मग क्लॅप्टनच भारी की! पण थांबा. वॉट म्हणजे सगळं नाही, तापवायचं वजन किती तेही बघायला हवं. साधी कॉइल ४० मिलिग्रॅमची. तिला २०० अंशांनी वर न्यायला पावणेचार ज्यूल लागतात, म्हणजे ०.३ सेकंद. क्लॅप्टनवरची ती बारीक तार वीज फारशी वाहत नाही, नुसती अंगावर बसून असते. वजन अडीचशे मिलिग्रॅम. तेवढेच अंश चढायला हिला सव्वा सेकंद. पण एकदा तापली की पृष्ठभाग मोठा, त्यामुळे वाफ ढगासारखी, आणि द्रवही तसाच पाण्यासारखा जातो.

स्टीलचं वैशिष्ट्य वेगळं. तापली की तिचा रोध वाढतो, २०० अंशांना पंधरा-वीस टक्के. म्हणजे रोध मोजून तापमान कळतं, तारच थर्मामीटर. कंथालचा रोध तेवढ्यात एक टक्कासुद्धा हलत नाही, त्यामुळे ती किती तापलीय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. उलट कंथालवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा जो थर बसतो तो पक्का, त्यामुळे उष्णता सगळ्यात जास्त सोसते. फक्त वापरल्यावर ठिसूळ होते, जुनी कॉइल सरळ करायला गेलं की कटकन मोडते. नायक्रोम शेवटपर्यंत लवचीक. आणि कॉइली ०.१५ ओहमपर्यंत खाली नेणारे जे महाभाग असतात, त्यांचं गणित काकांनी एका शब्दात उरकलं : "शॉर्ट." खरंच आहे. पूर्ण चार्ज सेलवर २८ अँपिअर. जुन्या लॅपटॉपमधून उपटलेल्या सेलला हे झेपेलच असं नाही, आणि तो माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो.

हे सगळं मी एक्सेलमध्ये भरलं. उभ्या रांगेत कॉइली, आडव्यात ओहम, वॉट, वजन, तापायला वेळ, वात किती दिवस टिकली, द्रव किती लागला. शेवटच्या रकान्यात दादाचे मार्क दहापैकी. क्लॅप्टनला नऊ होते.

वहिनी पोहे घेऊन आल्या, उभ्या उभ्या शीट वाचली. म्हणाल्या, "भाऊजी, एक रकाना माझाही घाला. त्या दिवशी खऱ्या सिगारेटी किती ओढल्या."

टेबलवर शांतता. दादा पोह्यांतले दाणे मोजायला लागला. मी रकाना घातला.

मग तुलना खऱ्या अर्थानं सुरू झाली. प्रत्येक कॉइलला एक आठवडा. रोज रात्री वहिनी विचारायच्या, दादा आकडा सांगायचा, आणि त्या स्वतः भरायच्या. (दादा खोटं सांगत नव्हता. शर्टाच्या वासाची पडताळणी होतीच.) क्लॅप्टनच्या आठवड्यात आकडा सहा-सातवर. साध्या नायक्रोमच्या आठवड्यात दोन-तीन. मी म्हटलं, एका माणसावरचा प्रयोग, त्यात आठवडेही पुढे-मागे, कदाचित सवय आपोआपच कमी होत असेल. म्हणून पुन्हा क्लॅप्टन लावली. आकडा परत पाचावर. परत नायक्रोम, परत दोन.

असं का व्हावं? दादानंच सांगितलं. तलफ येते ती मीटिंग संपल्या संपल्या, लिफ्टमध्ये. सिगारेटचा झुरका घेतला की निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. शरीराला त्या घाईची सवय. क्लॅप्टन रविवारी गॅलरीत पाऊस बघत ओढायला राजेशाही, पण टपरीसमोर उभं असताना ती तापेपर्यंत, द्रव संपलाय का बघेपर्यंत, समोरच्यानं पाकीट पुढे केलेलं असतं. साधी सहा वेढ्यांची नायक्रोम बटण दाबलं की हजर. मार्कांच्या रकान्यात तिला सहा होते, पण वहिनींच्या रकान्यात ती पहिली आली. आम्ही लोक बेंचमार्कवरून कपडे फाडेपर्यंत भांडतो, पण कशासाठी मोजतोय हा रकाना बहुतेक शीटमध्ये नसतो. तो पोहे घेऊन आलेल्या माणसाला सुचतो.

पण वहिनींचा रकानाही पुरा नव्हता, आणि हे त्यांनाच आधी उमगलं. सिगारेटी दोनवर आल्या, ठीक. मग ही वाफ? ती छातीत काय करते? ते मोजायला आमच्याकडे मिलिव्होल्टची युक्ती नव्हती. त्याच वर्षी, २०१८ साली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. ५६ वेप ओढणाऱ्यांची उपकरणं त्यांनी तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य, पण तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम सापडलं. म्हणजे मी ज्या तारेचं वजन मिलिग्रॅममध्ये मोजत बसलो होतो, तिचाच थोडा अंश वाफेबरोबर जात होता. ब्रिटनमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य खात्यानं वेप हे सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला होता, आणि त्या आकड्यावरून तेव्हापासून वाद चालू आहे. दादा ब्रिटनचा कागद दाखवायचा, वहिनी अमेरिकेचा. काका आत गुरगुर करत नेब्युलायझर घ्यायचे.

पुढचं सरकारनंच ठरवलं. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला वर्षभर कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. उत्पादनाच्या व्याख्येत नुसतं उपकरण नाही, त्याचा भाग बनवणंही येतं. म्हणजे डायनिंग टेबलवरचा आमचा उद्योग बसल्या जागी कारखाना झाला असता. टपरीवरची सिगारेट मात्र होती तिथंच होती. (सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रानं २०२० च्या सप्टेंबरात बंदी घातली.) त्याच काळात अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या आजाराची साथ गाजत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसं इस्पितळात गेली आणि ६८ दगावली. मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या बनावट द्रवातल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता, दादाच्या बाटलीत ते असायचं काही कारण नव्हतं. पण वहिनींना असला तपशील सांगून बघा.

मला भीती होती ती एकाच गोष्टीची. वेप बंद झालं, आता वहिनींचा आकडा परत दहा-बारावर जाणार. गेलाही. पहिल्या आठवड्यात चार, दुसऱ्यात सात. मग एका रात्री दादानं स्वतःच ती शीट उघडली आणि सगळ्या कॉइलींखाली एक सहावी ओळ घातली. कॉइलच्या जागी लिहिलं 'नाही'. ओहम, वॉट, वजन, सगळीकडे रेघ. तंबाखू सोडवणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन केला (१८००-११-२३५६, फुकट आहे, ज्यांना हवा त्यांनी टिपून ठेवा), निकोटीनचा च्युइंग गम आणला आणि सोडायची तारीख ठरवली. गम चावल्यावर निकोटीन चढायला सेकंद नाही, मिनिटं लागतात. तापायच्या वेळेच्या रकान्यात तो सगळ्यात मागे. शिवाय चव कडू. मार्क दहापैकी दोन.

त्या तलफेच्या मिनिटांत हातांना काहीतरी उद्योग लागायचा. म्हणून दादा शनिवार-रविवार रबाळ्याला काकांच्या दुकानात बसायला लागला. काकांना तोवर मोटर उचलवत नव्हती. ते खुर्चीवर बसून सांगायचे, दादा भरायचा. स्लॉटमध्ये कागद, मग तार, मग बांबूची पट्टी ठोकून बसवायची. दादा पहिला पंखा भरत होता तेव्हा मी तिथं होतो. काकांनी स्टेटर फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "ऑफिसच्या कामापेक्षा हे बरं जमलंय." दादा खाली मान घालून हसला. आठवणीत होतं तर सगळ्यांच्या!

ती फाइल अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. सहाव्या ओळीपुढं वहिनींनी रोजचा आकडा लिहीत नेला आहे. सात, पाच, पाच, आठ (त्या दिवशी रिलीज होती), तीन, एक. मग शून्यं सुरू होतात. मध्येच एक दोन येतो, दिवाळीच्या आसपास, आणि पुन्हा शून्यं. शून्यांची रांग फेब्रुवारीपर्यंत जाते आणि त्यापुढचे रकाने रिकामे आहेत. मी एकदा वहिनींना विचारलं, पुढचा डेटा कुठाय? म्हणाल्या, "विचारायची आठवण राहिना हो."

असो. पोहे झालेत, हाक आलीय. उठतो.